बामाकोच्या रात्रींचे ते फोटो आले कुठून?

तो फोटो बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, ब्लॅक अँड व्हाइट, एक पोरगा सुटात, एक पोरगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, अनवाणी, दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली आणि दोघंही खाली पायांकडे बघत नाचतायत. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची राजधानी बामाको, १९६३ ची ख्रिसमसची रात्र, हॅपी क्लबची पार्टी, फोटोग्राफर मलिक सिदीबे. हा फोटो शेअर करताना लोक 'किती गोड' एवढंच लिहितात. पण तो काढला गेला कसा हे बघितलं तर तो मला अजून मोठा वाटतो, म्हणून जरा मागचं सांगतो.

माली आधी फ्रेंचांची वसाहत, तेव्हाचं नाव फ्रेंच सुदान. सिदीबे तिथल्या सोलोबा नावाच्या गावचे, गुरं राखणाऱ्या फुलानी घरातले. चित्रकलेत हात चांगला म्हणून त्यांना बामाकोच्या कलाकुसरीच्या शाळेत पाठवलं, तिथून ते १९५५ मध्ये बाहेर पडले आणि जेजे या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका फ्रेंच फोटोग्राफरचा स्टुडिओ सजवायचं काम त्यांना मिळालं, मग तिथेच शिकाऊ म्हणून राहिले. त्या काळात कामाची वाटणीच अशी होती की गोऱ्यांचे समारंभ जेजे करायचे आणि आफ्रिकन लोकांचे कार्यक्रम सिदीबेंकडे यायचे. म्हणजे ज्या तरुण पोरांचं नाचगाणं पुढे जगभर गाजलं ते त्या वेळी मालकाच्या दृष्टीने दुय्यम काम होतं!

आता कॅमेऱ्याचं बघा. सिदीबेंच्या आधी बामाकोत मोठं नाव म्हणजे सेदू केता, १९४८ पासून त्यांचा स्टुडिओ होता, पण मोठा जड कॅमेरा, बरंचसं काम अंगणातल्या दिवसाच्या उजेडात, माणूस समोर शांत बसलेला. रात्री अंधाऱ्या अंगणात ट्विस्ट (तेव्हाचा पाश्चात्त्य नाच) नाचणारी पोरं तशा कॅमेऱ्यात कुठून येणार. त्यासाठी हातात मावणारा छोटा ३५ मिमीचा कॅमेरा आणि फ्लॅश लागतो, आणि सिदीबेंकडे तो होता, शिवाय वयाने ते त्या पोरांच्या जवळचे होते, म्हणून ते आले की कुणी अवघडून जायचं नाही. उलट फ्लॅश उडाला की फोटोवाला आला हे सगळ्यांना कळायचं आणि नाचणं अजून रंगायचं. (कॉंगोत किन्शासाला साधारण याच काळात जाँ देपारा नावाचे फोटोग्राफर बार आणि डान्सहॉलमध्ये असंच काम करत होते, तिकडची रात्र वेगळी, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

२२ सप्टेंबर १९६० ला माली स्वतंत्र झाला. मोदिबो केता राष्ट्राध्यक्ष, समाजवादी विचारांचे. आणि तेव्हाच रेडिओवरून, रेकॉर्डवरून क्यूबाचं संगीत, फ्रेंच पॉप, ट्विस्ट, रॉक असं सगळं बामाकोत आलेलं. पोरापोरींनी गल्लोगल्ली क्लब काढले, आवडत्या गायकांची नि बँडची नावं त्यांना दिली, वर्गणी काढून शनिवारी पार्ट्या सुरू केल्या, त्याला म्हणायचे सरप्राइज पार्टी. जुन्या पद्धतीच्या नाचात पोरगा-पोरगी एकमेकांचा हात धरून नाचत नव्हते, इथे ते जवळ येऊन नाचायला लागले. घरच्यांना ते पसंत नव्हतंच, आणि सरकारलाही ही पाश्चात्त्य चाल वाटायची, पुढे पुढे तर मिलिशियाची, म्हणजे सरकारच्या बाजूच्या दलाची, पोरं मिनीस्कर्ट नि बेलबॉटमवाल्यांना रस्त्यात अडवायची. माझं मत विचाराल तर ही पोरं देशविरोधी अजिबात नव्हती, नव्या स्वातंत्र्यात आपल्या वाट्याचं जे आहे ते त्यांना जगून बघायचं होतं, आणि फोटोत नेमकं तेच दिसतं.

सिदीबेंनी बागादाजी वस्तीत स्वतःचा स्टुडिओ टाकला, स्टुडिओ मलिक. शनिवारी रात्री चार-चार, पाच-पाच पार्ट्या, सायकलवर एकीकडून दुसरीकडे, पहाटे परत, मग लगेच फिल्म धुवायची. रविवारी तीच मंडळी नायजर नदीकाठी पोहायला, तिथेही फोटो. मग छोटे छोटे प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, वर क्लबचं नाव आणि तारीख लिहायची आणि स्टुडिओबाहेर लावायचं, पोरं येऊन स्वतःला शोधणार नि कॉपीची ऑर्डर देणार. आपल्याकडे लग्नाचे प्रूफ बघून निवडायचो ना तसंच. सगळा धंदा या पुठ्ठ्यांवर. कुणी गॅलरीसाठी काढत नव्हतं, नाचणाऱ्याला स्वतःचा चांगला फोटो हवा होता, आणि मला वाटतं म्हणूनच कुठल्याच फोटोत माणूस तमाशाची वस्तू झालेला नाही.

१९ नोव्हेंबर १९६८ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोदिबो केतांना हटवलं, मूसा त्राओरे सत्तेवर आले, रात्रीच्या संचारबंदीने पार्ट्या आटत गेल्या. नंतर कलर फिल्म आणि कलर लॅब आल्या नि ब्लॅक अँड व्हाइटचं गिऱ्हाईक गेलं. सिदीबे स्टुडिओतले पोर्ट्रेट, ओळखपत्राचे फोटो आणि कॅमेरा दुरुस्ती यावर राहिले. निगेटिव्ह मात्र त्यांनी टाकल्या नाहीत, ही फार मोठी गोष्ट.

१९९० च्या दशकात फ्रेंच क्युरेटर (प्रदर्शनं जुळवणारे) आंद्रे मान्याँ बामाकोत पोचले, १९९४ ला तिथेच आफ्रिकन फोटोग्राफीचं मोठं प्रदर्शन सुरू झालं, १९९५ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशन या कलासंस्थेत सिदीबेंचे फोटो लागले. २००३ ला फोटोग्राफीतला मोठा हासेलब्लाड पुरस्कार, तो मिळवणारे पहिले आफ्रिकन, मग २००७ ला व्हेनिस बिनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनाचा जीवनगौरव गोल्डन लायन, जो त्याआधी कुठल्याच फोटोग्राफरला मिळाला नव्हता. १४ एप्रिल २०१६ ला बामाकोतच ते गेले.

गॅलरीत आता यातले निवडक फोटो मोठे करून लावतात, सुंदर दिसतात, पण पुठ्ठ्यावर एका रात्रीचे ओळीने सगळे फोटो असायचे, कोण कुणाबरोबर आलं, कुणी कपडे कुठले घातले, रात्र चढत कशी गेली, हे त्यातून कळायचं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने मालीतल्या लोकांबरोबर मिळून सिदीबे आणि अजून काही फोटोग्राफरांच्या निगेटिव्ह स्कॅन करायचं काम केलंय. कुणी प्रदर्शन भरवणार असेल तर माझं एवढंच मागणं आहे, त्या एका नाचऱ्या जोडीशेजारी त्याच रात्रीचा अख्खा पुठ्ठाही लावा.