पार्श्वभूमी : उभी बोट, टाकीतले पेट्रोल आणि ‘स्टॅबिलायझर’ या शब्दाचा गुंता

हंगाम संपला, बोट पाण्याबाहेर ओढली, की टाकीत एक बाटली ओतायची, हे आता बोटमालकांच्या अंगवळणी पडले आहे. बाटलीत काय आहे असे विचारले तर उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते : स्टॅबिलायझर. या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळी कामे कोंबलेली आहेत. ती निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या दुखण्यांवरचे औषध म्हणून आली. कोणते औषध कोणत्या दुखण्याचे, याची उकल झाली नाही, आणि तिथूनच आजचा बराचसा गोंधळ सुरू होतो.

पहिले दुखणे पेट्रोल शिळे होण्याचे. कच्च्या तेलाचे जड घटक उष्णतेने फोडून पेट्रोल मिळवण्याची पद्धत 1913 पासून व्यापारी पातळीवर वापरात आली. पेट्रोल मुबलक झाले, पण त्यात ओलेफिन जातीचे रेणू वाढले. हे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी सहज जोडले जातात, एकमेकांना चिकटतात, आणि पेट्रोलमध्ये डिंकासारखा पदार्थ धरतो. त्यालाच गम म्हणतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रिफायनऱ्यांनी यावर उतारा शोधला : फिनॉल आणि अमाइन जातीची अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनशी होणारी ही जोडणी (ऑक्सिडेशन) रोखणारी द्रव्ये, अगदी थोड्या प्रमाणात मिसळायची. तांब्याच्या संपर्काने गम धरण्याचा वेग वाढतो, हे कळल्यावर तांब्याचे अंश निकामी करणारी द्रव्येही आली. आजही पेट्रोलचा टिकाऊपणा तपासताना नमुना पोलादी भांड्यात बंद करतात, साधारण 7 बार दाबाने ऑक्सिजन भरतात, 100 अंश सेल्सिअसला तापवतात आणि दाब कधी कोसळतो त्याची वाट पाहतात. अमेरिकी मानकानुसार तो निदान 240 मिनिटे टिकायला हवा.

बाटलीतल्या स्टॅबिलायझरचे मूळ काम म्हणजे रिफायनरीने घातलेल्या याच अँटिऑक्सिडंटचा दुसरा हप्ता. ते ऑक्सिडेशनची साखळी तोडते आणि तोडता तोडता स्वतः खर्च होते. म्हणूनच ते ताज्या पेट्रोलमध्ये घालावे लागते. धरलेला गम ते परत पेट्रोलमध्ये आणत नाही. चार महिने उभ्या राहिलेल्या टाकीत बाटली ओतणे म्हणजे दूध नासल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवणे.

गमचे परिणाम ज्याने डोळ्यांनी पाहिलेत त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्षभर न चाललेल्या छोट्या आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा) कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणारा भाग, उघडला की फ्लोट बाऊलच्या, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या वाटीच्या तळाशी मधाच्या रंगाचा थर दिसतो. नख लावले तर तो निघत नाही, वार्निशसारखा चकाकतो, आणि वास पेट्रोलचा न येता जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो. पेट्रोल सोडणारा पितळी जेट उजेडासमोर धरावा तर ज्या बारीक भोकातून उजेड यायला हवा तिथे काहीच दिसत नाही. इंजिन बंद पडायला एवढे पुरेसे आहे.

यावरचा जुना उपाय बाटलीशिवायचा होता. इंधनाची नळी काढायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे बाऊल रिकामा होतो. सोबत सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल फवारायचे. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी ही रीत पिढ्यानपिढ्या चालली आणि वाईट नव्हती. मग 1996 मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड इंजिनांच्या धुरावर मर्यादा ठरल्या. त्या 1998 ते 2006 या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाल्या, आणि जुन्या टू-स्ट्रोकची जागा फोर-स्ट्रोक व डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांनी घेतली. इंजेक्शनच्या इंजिनात पंप, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी (रेल) आणि वाफ वेगळी करणारी छोटी टाकी अशा ठिकाणी पेट्रोल अडकून राहते. इंजिन कोरडे चालवून ते सगळे बाहेर येत नाही, उलट पेट्रोलवरच थंड आणि ओला राहणारा पंप कोरडा फिरतो. म्हणजे जुनी रीत मोडीत निघाली आणि बाटलीवरची भिस्त वाढली. नेमक्या याच वर्षांत पेट्रोल बदलत होते.

अमेरिकेत 1990 च्या हवा-कायद्यातील दुरुस्त्यांनी प्रदूषित शहरांतील पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त घटक असण्याची सक्ती आणली. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एमटीबीई हे ऑक्सिजनयुक्त रसायन वापरले गेले. ते भूजलात उतरू लागले तेव्हा राज्याराज्यांतून बंदी आली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट इथे 2004 उजाडताना ते बाद झाले आणि जागा घेतली इथेनॉलने. 2005 च्या ऊर्जा कायद्याने जैवइंधनाचे किमान प्रमाण ठरवून दिले, 2006 मध्ये उरलेसुरले एमटीबीईही बाजारातून गेले. भूजल वाचवायला हवे होते, त्यावर वाद नाही. पण हा निर्णय मोटारींचा विचार करून झाला. मोटारीची टाकी बंद असते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होते. बोटीच्या टाकीची व्हेंट, म्हणजे हवेची नळी, थेट समुद्राच्या दमट हवेत उघडते, आणि पेट्रोल तिथे महिनोन्‌महिने पडून असते. हा फरक कुणी आधी विचारात घेतल्याचे दिसत नाही. त्याची किंमत बोटमालकांनी मोजली.

सर्वांत आधी फायबरग्लासच्या टाक्या गेल्या. 1980 च्या दशकाच्या मध्यापूर्वी बांधलेल्या काही बोटींत पॉलिएस्टर रेझिनच्या टाक्या होत्या. इथेनॉलने त्यातला रेझिन विरघळवला. तो इंजिनात जाऊन इनटेक व्हॉल्व्हवर काळ्या डांबरासारखा बसला, व्हॉल्व्ह अडकले, ते उघडणारे पुशरॉड वाकले. या दुखण्यावर कोणत्याही बाटलीत औषध नव्हते. टाकी बदलणे एवढाच मार्ग होता, आणि अनेक बोटींत टाकी डेकखाली बांधून टाकलेली असल्याने डेक कापावा लागला.

दुसरे दुखणे पाण्याचे, आणि ‘स्टॅबिलायझर’ या शब्दाचा खरा गुंता इथला आहे.

इथेनॉल येण्यापूर्वी टाकीत पाणी शिरले तर ते तळाशी बसे. पेट्रोलमध्ये ते जवळजवळ विरघळतच नाही. त्या काळी टाकीत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली ओतण्याची शिफारस होई. अल्कोहोल पाण्याला धरून पेट्रोलमध्ये मिसळते, आणि थोडेसे पाणी इंजिनातून जळून निघून जाते. सल्ला योग्य होता. बाटलीवर ‘पाणी घालवणारे’ असे लिहिलेले असे आणि तेही खरे होते.

दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यावर मात्र सगळे गणितच उलटले. समजा टाकी 200 लिटरची आहे. तिच्यात आता 20 लिटर अल्कोहोल आधीच आहे. साधारण 15 अंश तापमानाला हे मिश्रण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे एक लिटर पाणी पोटात घेऊ शकते. तोवर पाणी दिसत नाही, त्रासही फारसा देत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा थंडी वाढून मर्यादाच खाली आली, की पाणी एकटे खाली येत नाही, इथेनॉलचा मोठा हिस्सा सोबत घेऊन येते. याला फेज सेपरेशन म्हणतात. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, घटते, कारण ते ऑक्टेन काही अंशी इथेनॉलमुळेच होते. खाली पाणी-इथेनॉलचा थर साचतो. इंधन ओढणारी नळी तळाजवळच असते, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या दिवशी इंजिनाच्या तोंडी आधी तोच जातो. ॲल्युमिनियमची टाकी असेल आणि पाणी खारे असेल तर तो थर टाकीलाही खातो.

आता या टाकीत अल्कोहोलची अर्ध्या लिटरची जुनी बाटली ओतून काय साधणार? वीस लिटरांना जे पेलले नाही ते आणखी अर्धा लिटर कसे पेलणार? तरीही ‘पाणी घालवणारे’ हे शब्द बाटलीवरून गेले नाहीत. उलट त्याच बाटलीत अँटिऑक्सिडंट, धातूंसाठी गंजरोधक, इंजेक्टर साफ ठेवणारा डिटर्जंट असे सगळे एकत्र आले आणि साऱ्याला मिळून स्टॅबिलायझर म्हटले जाऊ लागले. काही उत्पादनांनी एन्झाइमचे नाव पुढे केले, काहींनी वेगळे झालेले थर पुन्हा एकजीव करण्याचा दावा केला. रसायनशास्त्र इथे आडपडदा ठेवत नाही : लिटरभर पाणी आणि त्याने ओढून घेतलेले इथेनॉल वर परत न्यायचे तर त्याला पेलेल इतक्या प्रमाणात सहविलायक (पाणी आणि पेट्रोल एकत्र विरघळवून ठेवणारे द्रव्य) घालावा लागेल, बाटलीच्या झाकणाने मोजून चालणार नाही. थर वेगळे झालेल्या टाकीला एकच इलाज आहे. टाकी तळापासून उपसून रिकामी करावी लागते.

म्हणून शब्द नीट वापरावेत असे मला आग्रहाने वाटते. अँटिऑक्सिडंट म्हणजे शिळे होणे लांबवणारे. गंजरोधक म्हणजे धातूवर पातळ पडदा धरणारे, आणि इथेनॉलच्या काळात हेच सर्वांत कामाचे ठरले आहे. डिटर्जंट म्हणजे इंजिन चालू असतानाच उपयोगी पडणारे, उभ्या इंजिनात त्याचे काम जवळजवळ शून्य. पाणी धरणारे अल्कोहोल म्हणजे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठीचे. चारही एका नावाने विकली गेली की ग्राहक पाण्यावरचा इलाज समजून अँटिऑक्सिडंट विकत घेतो.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत आहे. 100 मिलिलिटरच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत 10 मिलिलिटर पाणी घ्यायचे, वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल भरायचे, बूच लावून जोरात हलवायचे आणि काही मिनिटे ठेवायचे. इथेनॉल नसेल तर खालचा थर दहावरच राहतो. असेल तर तो फुगून वीसच्या जवळ जातो. पाणी इथेनॉलला कसे ओढून नेते हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

टाकी भरून ठेवावी की रिकामी, हा वादही याच काळात तापला. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा राहत नाही, म्हणून बहुतेक तज्ज्ञ सुमारे 95 टक्के भरायला सांगतात. पेट्रोल दर दहा अंशांना जवळपास एक टक्का फुगते, त्यासाठी उरलेले पाच टक्के. विरोधी बाजू म्हणते, बिघडलेच तर अर्धी टाकी फेकणे पूर्ण टाकी फेकण्यापेक्षा बरे. दोन्हीत तथ्य आहे. पण हवेतून टाकीत येणारे पाणी लोक समजतात त्याहून कमी असते. पेट्रोल भरण्याच्या झाकणाचे चिरलेले रबर रिंग आणि मुळातच ओले इंधन यांतून येणारे पाणी जास्त, आणि त्यावर बोलणारे कमी.

डिझेलची कहाणी वेगळी आहे. तिथले शत्रू सूक्ष्मजीव. पाणी आणि इंधन जिथे भेटते त्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात आणि फिल्टरमध्ये चिखल साचतो. विमानांच्या इंधनात हे आधी ओळखले गेले आणि बायोसाइड, म्हणजे सूक्ष्मजीव मारणारी द्रव्ये, तिथूनच बोटींपर्यंत आली. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही नैसर्गिक संरक्षक घटकही जातात, आणि युरोपात 7 टक्क्यांपर्यंत मिसळले जाणारे बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरते. तिथे बाटलीवर बायोसाइड असा शब्द आहे की नुसता स्टॅबिलायझर, हे वाचूनच घ्यावे. अँटिऑक्सिडंटने बुरशी मरत नाही.

अमेरिकेत 15 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला 2010 आणि 2011 मध्ये मोटारींसाठी परवानगी मिळाली. बोटींच्या इंजिनांत ते वापरायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये 2021 पासून पंपावरचे नेहमीचे पेट्रोल 10 टक्क्यांचे झाले, ब्राझीलमध्ये तर हे प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे आहे. बोटउद्योगाने दरम्यान आयसोब्युटॅनॉल या दुसऱ्या अल्कोहोलच्या चाचण्या घेतल्या. ते पाण्याशी इथेनॉलइतके सलगीने वागत नाही, त्यामुळे थर वेगळे होण्याचा धोका कमी. 2018 मध्ये अमेरिकेत पेट्रोलमध्ये 16 टक्क्यांपर्यंत ते मिसळायला वाट मोकळी झाली, पण पंपावर ते अजून मोजक्याच ठिकाणी पोहोचले आहे. आणि ते सगळीकडे पोहोचले तरी पेट्रोलमधली ओलेफिन तिथेच राहतील, फ्लोट बाऊलमधला मधाच्या रंगाचा थर धरतच राहील, आणि अँटिऑक्सिडंटची बाटली ताज्या पेट्रोलमध्येच ओतावी लागेल.