पार्श्वभूमी : नाशिकचा रस्ता आणि सायकलवाला

नाशिकमध्ये सायकलस्वारांच्या सुरक्षेचा विषय हल्ली निघतो तो हेल्मेट, जर्सी आणि रविवारच्या राइडवरून. प्रश्न मात्र जुना, सातपूरच्या रस्त्यावरचा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे सातपूर-अंबडला कारखाने उभे राहिले आणि पाळीच्या वेळेला त्र्यंबक रोडवर सायकलींची रीघ लागू लागली. कॅरिअरला डबा, चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाची पँट क्लिपने आवळलेली.

कायद्याला तेव्हा सायकलवाला दिसायचा, पण आरोपी म्हणून. सायकलीवर पालिकेचा कर भरल्याचा बिल्ला नाही, दंड. डबलसीट, दंड. अंधारात दिवा नसेल तर हवालदार सरळ चाकातली हवा सोडायचा, म्हणजे घरापर्यंत पायपीट. मागून येणाऱ्या ट्रकने किती अंतर ठेवायचं, हे कोणी विचारत नव्हतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्ग कसे आखावेत हे त्याच १९६२ साली लिहून ठेवलं होतं, हे विशेष.

रस्ते बदलले ते सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे. दर बारा वर्षांनी रुंदीकरण येतं. २००३ ला आलं, २०१५ ला आलं. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो, आणि सायकलीच्या वाट्याला येते ती डांबर जिथे संपून खडी सुरू होते ती कड. मुंबई-आग्रा महामार्गावर उड्डाणपूल झाला, पण द्वारका चौक सायकलवरून ओलांडायचा तो खालूनच.

२०१५ मध्येच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली आणि शहरात सायकलीला एकदम मान आला. डॉक्टर, इंजिनिअर सायकलवर बसले तेव्हा ट्रॅकची मागणी ऐकू जायला लागली. (कामगारांनी निवेदनं दिली असती तर? असो.) सायकलींना रस्त्यात न्याय्य वाटा द्या, असं केंद्राचं नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगतच होतं.

स्मार्ट सिटी योजनेतल्या त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या स्मार्ट रोडच्या आराखड्यात सायकल ट्रॅक आला. लांबी १.१ किलोमीटर. सातपूरचा रस्ता नाक्यापासून दुसऱ्या दिशेला जातो. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री त्या रस्त्याने परतणाऱ्याच्या मडगार्डवर आजही तोच एक लाल काचेचा तुकडा असतो, तोही निम्मा चिखलाने झाकलेला.