नाव गुप्त ठेवा म्हणणाऱ्याच्या नावाचा पुरस्कार

आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांच्या सचोटीसाठी आयआयटी कानपूर सत्येंद्र दुबे स्मृती पुरस्कार देते. २००५ मध्ये तो माहिती अधिकारासाठी झटणाऱ्या अरविंद केजरीवाल यांना मिळाला, हे अनेकांना आठवतं. दुबे कोण, हे मात्र नव्याने सांगावं लागतं.

बिहारच्या सिवान जिल्ह्यातले दुबे कानपूरहून सिव्हिल इंजिनिअर होऊन राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात लागले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता महामार्गांनी जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन योजनेतलं झारखंडमधल्या कोडरमाकडचं काम त्यांच्याकडे होतं. निकृष्ट निघालेला सहा किलोमीटर रस्ता त्यांनी ठेकेदाराला पुन्हा करायला लावला. पण रोग खोलवर होता. बड्या कंपन्या कंत्राटं घ्यायच्या आणि कुवत नसलेल्या पोटठेकेदारांकडे सोपवून मोकळ्या व्हायच्या.

नोव्हेंबर २००२ मध्ये दुबे यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं. पत्रावर सही केली नाही. पण निनावी तक्रारीला केराची टोपली मिळते, हे सरकारी नोकराला वेगळं सांगायला नको. म्हणून स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर लिहून जोडली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पंतप्रधान कार्यालयाने पत्र त्या कागदासकट रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे धाडलं. फाईल पुढे सरकवायची सवय, दुसरं काय!

२७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया स्टेशनवरून रिक्षाने जाताना दुबे यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या दिवशी त्यांचा तिसावा वाढदिवस होता. सीबीआयने तपासाअंती हा लुटीचा प्रकार मानला आणि २०१० मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं. तरी नाव फुटलं ते फुटलंच. लोक संतापले होते ते त्यावर.

दोनच वर्षांनी लखीमपूर खेरीत पेट्रोलमधली भेसळ पकडणारे इंडियन ऑइलचे मंजुनाथ षण्मुगम मारले गेले. त्यांच्याही नावाने पुरस्कार सुरू झाला.

सरकारी पातळीवर हालचाल झाली ती सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर. एप्रिल २००४ च्या ठरावाने अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. तक्रार बंद पाकिटात घालायची, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव टाकायचं नाही, नाव-पत्ता आत लिहायचा. दुबे यांनी याहून वेगळं काय मागितलं होतं? गैरव्यवहार उघड करणाऱ्या अशा जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करणारी अधिसूचना मात्र पुढच्या दहा वर्षांतही निघाली नाही.