घाममाशी

हायमेनॉप्टेरा (मधमाश्या, मुंग्या इत्यादींच्या) गणाच्या हॅलिक्टिडी कुलातील मधमाशी. यातील काही जाती ओलावा व क्षारांसाठी माणसाच्या अंगावरचा घाम चाटतात. कुलात सु. ४,५०० जाती असून मधमाश्यांमध्ये एपिडीनंतरचे (नेहमीच्या मधमाश्यांच्या कुलानंतरचे) हे सर्वांत मोठे कुल होय. कीटकशास्त्रज्ञ लॅट्राय यांनी १८०४ मध्ये या कुलातील हॅलिक्टस प्रजातीचे, तर टॉमसन यांनी १८६९ मध्ये कुलाचे वर्णन केले. जीभ आखूड असते. नांगी फक्त मादीला असून दंश सौम्य असतो.

समूहजीवनाच्या उगमाबाबत मतभेद आहेत. एकाकी जाती आणि राणी-कामकरी असलेल्या वसाहती या एकाच कुलात आढळतात. हॅलिक्टस रुबिकंडस ही जाती तर उबदार प्रदेशात वसाहत करते व थंड प्रदेशात एकाकी राहते. डीएनएवर आधारित २००६ च्या अभ्यासाने समूहजीवनाचे तीन स्वतंत्र उगम मानले व काळ सु. २ कोटी वर्षांपूर्वीचा दिला. २०१२ च्या विश्लेषणाने हॅलिक्टस व लॅसिओग्लॉसम या दोन प्रजातींतील समूहजीवनाचा उगम सामायिक ठरवून तो सु. ३.५ कोटी वर्षांपर्यंत मागे नेला. याच कुलातील ऑगोक्लोरिनी गटाचा उगम दोन्ही अभ्यासांत वेगळाच आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र अनेक शाखांनी समूहजीवन पुढे सोडून दिल्यामुळे कालनिश्चिती सैलच ठेवावी लागते.

बहुतेक जाती जमिनीत बीळ करतात. मादी बिळातील प्रत्येक कोठीला पोटातील ड्यूफोर ग्रंथीच्या स्रावाचे जलरोधक अस्तर देते, पराग व मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि कोठी बंद करते. जमीन सतत चिंब राहिली तर गोळ्याला बुरशी येते.

वांग्याच्या परागकोशांना टोकाशी छिद्रे असतात, तर टोमॅटोच्या परागकोशांची मिळून नळी होते व पराग तिच्या टोकातून पडतो. हलवल्याशिवाय पराग नीट बाहेर पडत नाही. होप्लोनोमियासारख्या घाममाश्यांची मादी परागकोशांना घट्ट धरून, पंख न हलवता उड्डाणस्नायू थरथरवते. बारीक गुणगुण ऐकू येते आणि पराग तिच्या पोटावर सांडतो. सातेरी किंवा आग्या माशीला हे जमत नाही. तरवडाच्या फुलांवरही हीच पद्धत चालते. वांग्यातील आखूड कुक्षीवृंताची (स्त्रीकेसराच्या दांड्याची) फुले मात्र कितीही माश्या आल्या तरी बहुधा गळतात. त्यावरून परागीभवन कमी पडले असे समजू नये. चिनी गुलाब, कॉसमॉस, तुळस, फुलावर आलेली कोथिंबीर यांवर लहान जातींची वर्दळ असते. गच्च पाकळ्यांच्या झेंडू-झिनियात पराग कमी व हाती न लागणारे असल्याने तिथे त्या क्वचितच थांबतात; एकेरी वाण लावावेत.

बागेत उन्हातली एखादा चौरस मीटर जागा आच्छादन न घालता, न खणता मोकळी सोडावी. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असलेले बीळ मुंग्यांचे समजून त्यात कीटकनाशक पावडर टाकली जाते, आणि वांग्याच्या ऐन बहरातच माश्या नाहीशा होतात. फवारणी अटळ असेल तर माश्या बिळात परतल्यावर, संध्याकाळी करावी. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी टाळावी. ते मुळांवाटे परागापर्यंत पोचते.