बुरखा आणि अमिराती बुर्गा

अमिरातीतल्या आजीबाई बुरखा घालतात असं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे डोक्यापासून पायापर्यंतचा काळा झगा येतो. तिथे बुरखा म्हणजे तो झगा नव्हेच. मूळ अरबी शब्द एकच, ‘बुर्का’; अमिराती बोलीत ‘क’चा ‘ग’ होऊन तो ‘बुर्गा’ झाला. वस्तू मात्र जेमतेम तळहाताएवढी, भुवया, नाक आणि ओठ झाकणारा मुखवटा. आपण ज्याला बुरखा म्हणतो त्याच्या जवळचा तिथला कपडा म्हणजे अबाया, आणि डोक्यावरची ओढणी ती शेला. हो, शेलाच म्हणतात.

बुर्गा जवळून बघावा. सुती कापड निळीत रंगवून इतकं घोटलेलं असतं की ते तांब्यासारखं चमकतं. जुन्या फोटोंत तो धातूचाच वाटतो. हे कापड जायचं भारतातून. नाकावर मधोमध बारीक काडी शिवलेली असते, म्हणजे तो ताठ राहतो. उन्हाधुळीपासूनही आडोसा होई. घामाने नीळ गालांवर उतरायची.

आता खरा फरक. अबाया बाहेर पडताना घालायची, घरी आलं की काढून ठेवायची. बुर्गा मात्र बायका लग्नानंतर घालू लागत आणि घरातही तो तोंडावर असे. जुन्या पिढीतल्या कित्येकजणी तो जेवतानासुद्धा उतरवत नाहीत, हाताने जरा उचलून घास घेतात.

दुबईतला अल फहिदी भाग किंवा शिंदघातला १८९६ सालचा दुबईचे एकेकाळचे शासक शेख सईद यांचा वाडा पाहिला की हे जास्त उमगतं. रस्त्याकडच्या भिंती उंच, खिडक्या फार थोड्या. अशा घरांत दारातून डोकावलं तर बहुधा समोर भिंतच येते, वळल्याशिवाय चौक दिसत नाही. पुरुष पाहुण्यांची मजलिस, म्हणजे बैठकीची खोली, दाराजवळच, म्हणजे त्यांना आतपर्यंत यावं लागत नाही. मग उन्हाळ्यात हवा कुठून? वरून. ‘बारजील’ हा मनोरा चारही दिशांचा वारा धरून खाली खोलीत सोडतो, आणि तिथवर कुणाची नजर पोचत नाही.

ही भिंत आणि अबाया एकाच कामाच्या, परक्याची नजर अडवणाऱ्या. पण भिंतीच्या आत, आपल्याच माणसांत घातलेला बुर्गा कोणापासून लपवणार? तो तिचं लग्न, तिचं वय, तिचा मान सांगत असे. म्हणूनच अबाया आणि बुर्गा या दोन्हींना ‘पडदा’ या एका शब्दात बांधणं मला चुकीचं वाटतं.

आजच्या मुली अबाया घालतात, बुर्गा आज्यांपाशी राहिला आहे. २ डिसेंबरला, राष्ट्रीय दिनी, चिमुरड्या नाती तो हौसेने लावून मिरवतात.