दुसऱ्या पिढीचे इथेनॉल

भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, मक्याची ताटे अशा शेतातील अवशेषांपासून तयार केलेले, पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे अल्कोहोल. बोलताना ‘टू-जी इथेनॉल’ असेच म्हणतात. पहिल्या पिढीत, म्हणजे उसाच्या मळीत, साखरेचे अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला साखर आयती मिळते. पेंढ्यातली साखर मात्र सेल्युलोज व हेमिसेल्युलोजच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते आणि त्यांना लिग्निन या वनस्पतीतल्या चिवट द्रव्याने जखडलेले असते. खरी कसोटी आणि बराचसा खर्च ही बांधणी सोडवण्यातच आहे.

बारीक केलेला पेंढा प्रथम सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ देऊन सैल करतात. मग विकरे (एन्झाइम) सेल्युलोजचे ग्लुकोज करतात. ही विकरे बहुधा ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीपासून मिळवतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवणारी ती हीच. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही, त्यासाठी मुद्दाम घडवलेले वाण लागते. किण्वनानंतर ऊर्ध्वपातन करूनही सुमारे चार-पाच टक्के पाणी उरते. ते आण्विक चाळणीने, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खड्यांनी, काढतात. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळता येते.

हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल ही त्याची आखणी. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. पेंढ्याची निवड सोयीची होती, कारण त्या भागात कंबाइन यंत्राने भाताची कापणी झाल्यावर गव्हाच्या पेरणीला जेमतेम तीन आठवडे उरतात आणि शेतकरी तो शेतातच पेटवतो. पण कारखान्याची अडचणही तीच. वर्षभराचा माल त्या थोड्या दिवसांत गठ्ठे बांधून उचलायचा, मग पाऊस आणि आग यांपासून सांभाळायचा. त्यात भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, शिवाय शेतातली माती; यंत्रांची पाती लवकर झिजतात.

महाराष्ट्रात चिपाडाचे ढीग दिसतात खरे, पण ते टाकाऊ नाहीत. साखर कारखान्यांची वाफ आणि सहवीजनिर्मिती त्यावरच चालते. कोकणातला पेंढाही गोठ्यात जातो. शिल्लक म्हणता येईल ते शेतात पडून राहणारे पाचट, आणि तेही जमिनीत कुजवावे असे कृषितज्ज्ञ सांगतात.