गोल्फला आगळ नेताय? बाटलीत किती घालायचं ते आधी वाचा

उन्हं तापू लागली की खारघरला गोल्फ खेळणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात. "तुमचं आगळ पाण्यात घालून नेलं, तरी घसा कोरडाच!" विचारलं की कळतं, लिटरच्या बाटलीत अर्धी वाटी आगळ ओतलेलं असतं.

आगळ म्हणजे सरबत नव्हे. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ असतं. सोलकढीला ते लागतंच, पण एवढं मीठ पाण्यातून पोटात गेलं की ते बाहेर टाकायला शरीर आणखी पाणी मागतं. लिटरभर पाण्याला चहाचे दोन चमचे आगळ आणि चवीपुरती साखर, बस. रंग फिकट गुलाबी दिसायला हवा. लालभडक झालं तर अर्धं काढून पाणी भरा. बाटली तांब्या-पितळेची नको, आंबटाने धातू उतरतो.

गोल्फचा पूर्ण डाव अठरा होलचा, म्हणजे चार तासांच्या वर खेळ आणि सात-आठ किलोमीटर चाल. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, त्यामुळे अंग निवत नाही. नवव्या होलला एकदम गटागटा पिण्यापेक्षा दर होलला दोन-चार घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

साठीनंतर तहान उशिरा जाणवते, म्हणून तहानेची वाट पाहू नका. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आगळ आणि पाण्याचं प्रमाण दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मधुमेह असलेल्यांनी साखर घालू नये, आमचं साखरेतलं अमृत कोकमही टाळावं. मुलं खेळात पाणी विसरतात, त्यांच्या हातात बाटली द्यावीच लागते. आठवडाभर एसीत बसून रविवारी मैदानावर उतरणाऱ्यांनी सुरुवातीला नऊच होल खेळावेत, कारण अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. आदल्या रात्री पार्टी झाली असेल तर सकाळी निघण्याआधीच पाणी प्यायला लागा. गरगरलं, मळमळलं तर खेळ थांबवून सावली गाठा. बोलणं असंबद्ध झालं तर अंगावर पाणी मारत थेट दवाखाना.

तयार पेयाच्या बाटल्या आम्ही का भरत नाही, असंही विचारतात. वर लिहिलेल्या सगळ्यांना एकच मीठ-साखर कशी चालेल? आगळ न्या, प्रमाण तुमचं तुम्ही ठरवा. गोल्फच्या बॅगेत मावेल अशी छोटी बाटली आमच्याकडे आहे. तिचं एक झाकण म्हणजे बरोबर दोन चमचे. ऑर्डर देताना 'गोल्फसाठी' एवढं सांगा, तीच पाठवू.